बंद म्हणजे चालू

तीस वर्षं मी वसमतच्या मुलींना इंग्रजी शिकवलं. या तीस वर्षांत ‘क्लोज’ म्हणजे ‘चालू’ असाही अर्थ होऊ शकतो, असं मला कोणीही सांगितलं नाही. विद्यार्थिनींनी नाही, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांनी नाही, शब्दकोशाने तर नाहीच. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी ते मला मोटारी भरून देणाऱ्या एका मिस्त्रींनी सांगितलं, आणि तेही शेटजींची हळद भिजून गेल्यावर.

शेटजी म्हणजे आमच्या गावातले हळदीचे व्यापारी. औंढ्याच्या रस्त्याला गाव संपतं तिथं त्यांचं मंगल कार्यालय आहे. त्याच्या मागच्या अंगाला त्यांनी एक तरणतलाव बांधला, का तर पाण्याकाठी नवरा-नवरीचे फोटो चांगले येतात. फोटो किती चांगले आले ते मला माहीत नाही, पण गावातली पोरं भिंतीवरून उड्या मारून आत यायला लागली, तेव्हा शेटजींनी शहाणपणा केला आणि रीतसर तिकीट लावलं. सकाळी पोरं, संध्याकाळी पोरांचे बाप. बायकांनी काय करायचं, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. तो मला पडला.

शेटजींच्या दोन्ही मुली माझ्या हाताखालून गेलेल्या, त्यामुळे ते मला ‘नाही’ म्हणू शकत नाहीत. ते ‘बघू’ म्हणतात. तीन महिने त्यांनी बघितलं. शेवटी चैत्राच्या तोंडावर आम्हाला दुपारी दोन ते तीन हा तास मिळाला. ज्या तासाला आमच्या गावातलं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, तो तास. आम्ही सात जणी होतो. शिकवायला आमच्याच शाळेच्या पीटीच्या बाई, त्या धरून आठ. सोमवारी सुरुवात करायची ठरली.

आणि त्याच्या आधल्या आठवड्यात तलावाच्या पंपांचा टायमर जळाला.

टायमर म्हणजे पंप ठरल्या वेळी चालू आणि ठरल्या वेळी बंद करणारं घड्याळ. ते गेल्यावर पंप हाताने चालू करायचं काम राखणदारावर आलं. राखणदार सत्तरीचा, भला माणूस, पण चालू केलेला पंप बंद करायचं त्याच्या जिवावर येई आणि बंद असलेला चालू करायचं तर त्याहून जास्त. चार दिवसांत पाणी हिरवं झालं आणि तिकीट बंद ठेवावं लागलं. शेटजींनी मला बोलावून ते दाखवलं.

“बाई, सोमवारी पाणी असंच राहिलं तर हा तास मी व्यायामशाळेच्या पोरायला देऊन टाकतो. त्यायला हिरवं चालते.”

“सोमवारी पाणी स्वच्छ असेल,” मी म्हणाले.

“जबाबदारी कोणाची?”

“माझी.”

हे मी एवढ्या झटक्यात का म्हणाले, ते सांगते. माझं माहेर कयाधूच्या काठचं. माझे भाऊ पाठीला सुका भोपळा बांधून नदीत पोहायला शिकले आणि मी काठावर बसून त्यांचे कपडे राखले. फार चांगले राखले. एकाचीही चड्डी कधी वाहून गेली नाही. पण मला पाण्यात जायचं होतं. घरात मी हे कधी बोलले नाही, लग्नानंतरही नाही. आता साठीला टेकल्यावर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं, तेव्हा मला गुडघे दुखत असल्याचा चक्क आनंद झाला.

तर रविवारी सकाळी मी, मिस्त्री आणि नांदेडहून मागवलेला नवा टायमर असे आम्ही पंपांच्या खोलीत उभे राहिलो. मिस्त्रींचं मोटार भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळायचं, दुकान बाजारात आहे. वडिलांचं होतं, आता त्यांचं. शेटजींच्या सगळ्या मोटारी तेच बघतात. माणूस अत्यंत सौम्य. मोटार जळून कोळसा झालेली असली तरी गिऱ्हाइकाला ‘जराशी तकलीफ आहे’ एवढंच सांगणार. त्यांच्या घरच्यांनीही, म्हणजे बायकोनेही, आमच्या तासाला नाव नोंदवलं होतं, त्यामुळे रविवार असून ते आनंदाने आले होते.

जुना टायमर गोल तबकडीचा होता, तबकडीला दातरे. तो मिस्त्रींना पाठ होता. नवा मात्र आकडे दाखवणारा, चार बटणांचा, आणि बरोबर एक घडीचा कागद. कागदावर एका बाजूला चिनी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्या हातात दिला. मी चष्मा लावला. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे इंग्रजीसाठी पाहत होतं आणि मी जरा फुगले.

काम तसं सोपं होतं. पंप तीन. दोन फिल्टरचे, ते पाणी ओढून, गाळून परत तलावात सोडतात. तिसरी बोअरची मोटार, ती उन्हाने आटलेलं पाणी भरून काढायला रोज सकाळी अर्धा तास चालायची. एवढ्या मोटारींचा भार छोट्या टायमरला पेलत नाही, म्हणून प्रत्येक मोटारीला स्वतःचा मोठा खटका असतो आणि टायमर फक्त त्या खटक्याला इशारा करतो. मिस्त्रींनी मला हे समजावून सांगितलं. मी ‘माहीत आहे’ म्हणाले. माहीत नव्हतं.

नव्या टायमरला इशारा द्यायच्या दोन वाटा होत्या. एका वाटेवर दोन्ही फिल्टर पंप, दुसऱ्या वाटेवर बोअर. प्रत्येक वाटेला तीन टोकं. टोकांवर अक्षर काही नाही, नुसते आकडे, दोन्ही वाटांना तेच.

“कोणत्या टोकाला काय, ते बघा बरं बाई.”

मी वाचलं. इंग्रजी इतकं अशुद्ध होतं की माझ्या नववीच्या मुलींनी लिहिलं असतं तर मी वही परत फेकली असती. “यात लिहिलंय, टायमर विश्रांती घेत असताना चार नंबर बंद असतो आणि पाच नंबर उघडा असतो.”

मिस्त्री विचारात पडले. “टायमर झोपला की चार बंद?”

“हो.”

“आन् जागा झाला की चालू?”

“तर काय. नळासारखं. बंद केला की पाणी थांबतं, उघडला की येतं.”

“मंग आपल्याला चारच पाहिजे,” मिस्त्री म्हणाले. चार नंबरला वायर लावायला घेतली आणि थांबले. शर्टाच्या खिशातून करंट तपासायचं मीटर काढलं. “येक बार मीटर लावून बघतो.”

“कशाला?”

“कागदाला तुमी विचारलं ना, मशीनला आमी विचारतो.”

इथं माझा स्वभाव आडवा आला. मी म्हणाले, “मिस्त्री, इथं स्पष्ट लिहिलंय. क्लोज म्हणजे बंद. हे मी पाचवीच्या वर्गाला शिकवलंय.” आवाजही पाचवीच्या वर्गाचाच लागला असणार, कारण त्यांनी मुकाट्याने मीटर खिशात घातलं.

वायरी जोडून झाल्या. बटणं दाबून मी वेळा भरल्या: फिल्टर सकाळी सहा ते दहा, दुपारी दोन ते सहा, बोअर सकाळी सहा ते साडेसहा. मग मिस्त्रींनी बिस्मिल्ला म्हणून मुख्य खटका वर केला आणि तिन्ही मोटारी एकदम गरजल्या. चार दिवसांनी तलावाचं पाणी हललं. मिस्त्रींचा चेहरा उजळला. माझं तर विचारू नका.

मग त्यांनी कपाळाला आठी घातली. “बाई, किती वाजले?”

“साडेबारा.”

“साडेबाराला काहून चालून राहिल्या? आपण तर दोनचा टाइम टाकला. आन् बोअर बी?”

प्रश्न अगदी बरोबर होता. साध्या माणसाने इथं कान टवकारले असते. पण मी साधी नव्हते, मी इंग्रजीची शिक्षिका होते. “पहिल्यांदा चालू केलंय ना,” मी म्हणाले, “ते आधी सगळं तपासून बघतं.” हे कागदावर कुठंही नव्हतं. माझ्या तोंडाला ते आपोआप आलं, जसं वर्गात अडचणीचा प्रश्न आला की येतं. मिस्त्रींनी मान डोलावली.

जाताना मी राखणदाराला बजावलं, “बाबा, आता हे सगळं आपोआप होतं. काहीही झालं तरी तुमी कशाला हात लावायचा नाही.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

सोमवारी दुपारी सव्वाला मी पिशवीत टॉवेल आणि ढगळ पोशाख भरून निघाले. औंढा रस्त्याला लागले तर डांबरावरून पिवळंधमक पाणी वाहत होतं. एक मोटरसायकलवाला पाय टेकून उभा होता. त्याने मला विचारलं, “मावशी, कोणाचं लग्न हाय? लईच हळद खेळून राहिले.”

मी भराभरा पावलं उचलली. मंगल कार्यालयाच्या शेजारी शेटजींचं मोकळं आवार आहे. तिथं शिजवलेली हळद वाळत घातलेली होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

आत गेले. तलाव काठोकाठ भरून चारी बाजूंनी सांडत होता आणि ते पाणी फाटकाखालून निघून सरळ हळदीत गेलं होतं. शेटजींनी नुकताच येऊन मुख्य खटका पाडला होता. ते आवाराच्या कडेला उभे होते, धोतर खोचलेलं, पाय घोट्यापर्यंत पिवळे. त्यांच्यासमोर मिस्त्री. थोडं बाजूला राखणदार, हाताची घडी घालून, अगदी निर्धास्त. मी दिसताच तो म्हणाला, “बाई, काल दिस मावळताच भरलं होतं बघा. पर तुमी म्हणल्या हात लावू नको. म्या न्हाई लावला.”

“पिढीजात मिस्त्री म्हणता,” शेटजी बोलत होते, “आन् एक घड्याळ लावता येईना तुमाला? रात्रभर बोअर चालली. माझी हळद पुन्यांदा वाळवायला किती दिस लागतील, मालूम हाय? आजपासून आमच्या एकाबी मोटारीला हात लावू नका.”

मिस्त्री खाली बघत होते. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की बाईंनी सांगितलं. दोन शब्द. ते म्हणाले नाहीत. मला बघितलं त्यांनी, आणि परत खाली बघायला लागले.

इथं मला चांगलं वागल्याचं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी गप्प उभी राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, चोर मी होते, आणि माझ्या डोक्यात विचार हा की मी बोलले तर तास गेला. जबाबदारी माझी आहे, असं मी या माणसाला तोंडाने सांगितलेलं. आणि पाणी तिथं समोर होतं. रात्रभर गाळून निघालेलं, वर बोअरचं ताजं, तळाच्या फरशीची रेघ न् रेघ दिसत होती. इतकं स्वच्छ पाणी त्या तलावात ना आधी कधी होतं ना नंतर कधी झालं. बाकीच्या सहा जणी आणि पीटीच्या बाई पिशव्या घेऊन फाटकाशी येऊन थांबल्या होत्या, त्यात मिस्त्रींच्या घरच्याही होत्या. नवऱ्याला बोलणी बसताना त्या ऐकत होत्या. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एवढंच केलं त्यांनी. पण मला माझीच लाज वाटली, अशी की अंगावर घाम आला.

“शेटजी,” मी म्हणाले, “चूक माझी आहे. कागद मी वाचला. मिस्त्री मीटर लावून बघत होते, मी बघू दिलं नाही.”

शेटजी माझ्याकडे वळले. त्यांना मला रागावायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांचं तोंड उघडं राहिलं. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, “न्हाई शेटजी. मीटर तर माझ्या हातात होतं. खिशात घातलं ते बी मीच. गलती माझी.”

“तुमी गप्प बसा हो,” मी म्हणाले. “माझी आहे.”

“बाई, तुमी कागद बराबरच वाचला. कागदात बंदच लिहिलं हाय.”

“मग चुकलं कुठं?” शेटजींनी विचारलं.

खरं तर ते मलाही कळलं नव्हतं. मिस्त्रींनी कपाळ पुसलं आणि रस्त्याच्या पलीकडे, स्टेशनकडे हात केला. “साडेबाराला काहून चालल्या, रातभर इचार केला शेटजी, आत्ता उमजलं. ते रेल्वेचं फाटक हाय ना. फाटक बंद झालं की आपण थांबतो. पण गाडी? गाडी तर तवाच जाते. वायरमंधलं बंद तसलं हाय. दोन पत्र्या येकमेकीला लागून बंद झाल्या की करंट जातो, उघडल्या की थांबतो. बाईनं नळाचं बंद धरलं. मशीनचं बंद फाटकाचं होतं.”

इतकं स्वच्छ व्याकरण मला तीस वर्षांत फळ्यावर लिहिता आलं नव्हतं. टायमर झोपायचा तेव्हा मोटारी चालत होत्या आणि टायमर जागा व्हायचा तेव्हा त्या झोपत होत्या. बोअर दिवसातून अर्धा तास चालायची, ती दिवसातून अर्धा तासच थांबत होती.

शेटजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मिस्त्रींकडे, मग आपल्या पिवळ्या पायांकडे. “कोणाची का असेना चूक,” ते म्हणाले. “माझी हळद गेली ती गेली. आजपासून बायांचा तास बंद.”

मिस्त्रींनी मान वर केली आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, “कोणतं बंद शेटजी? नळाचं का फाटकाचं?”

मला वाटलं, आता हा माणूस कायमचा बुडाला. शेटजींचा चेहरा तसाच राहिला, पण पोट हललं. मग खांदे हलले. मग ते पाठमोरे झाले आणि बराच वेळ हळदीकडे बघत उभे राहिले. वळले तेव्हा डोळे पुसत होते, पण आवाज कडकच ठेवला होता. “आधी ते सरळ करा,” ते मिस्त्रींना म्हणाले.

मिस्त्रींनी दोन्ही वाटांच्या वायरी चार नंबरावरून काढून पाच नंबराला लावल्या. या वेळी आधी मीटर लावलं. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि तोंड मिटून उभी राहिले, जे मला फारसं जमत नाही. खटका वर केला. काहीच झालं नाही. टायमरवर दोनला दोन मिनिटं कमी होती. आम्ही सगळे त्या एवढ्याशा काचेकडे बघत राहिलो: शेटजी, मिस्त्री, राखणदार, आठ बायका. दोन वाजले, खट् झालं, फिल्टरचे दोन पंप चालू झाले आणि बोअर गप्प राहिली.

“आता?” मी शेटजींना विचारलं.

“आजचा दिस घ्या,” ते म्हणाले. “पर तीनच्या ठोक्याला बाहेर. येक मिनिट वर झालं तर उद्यापासून तास न्हाई. आन् बाई, कायबी वाचू नका आता.”

पुरुष बाहेर गेले. भिंतीपलीकडून ओली हळद गोळा करणाऱ्या फावड्यांचा आवाज यायला लागला.

पीटीच्या बाईंनी आम्हाला उथळ बाजूला कठड्याच्या दांडीला धरून उभं केलं. पाणी कमरेपर्यंत, गार, आणि माझे पाय मला इतके स्पष्ट दिसत होते की ते कोणा दुसऱ्याचे वाटत होते. सातही जणींनी दांडी अशी धरली होती की ती भिंतीतून उपटून आली असती. पहिली वीस मिनिटं आम्ही नुसत्या हसत होतो. मिस्त्रींच्या घरच्यांनी सगळ्यांत आधी नाक दाबून बुडी मारली आणि वर येऊन माझ्याकडे असं बघितलं, की आता कारण शोधायची सोय उरली नाही. पीटीच्या बाई म्हणाल्या, “बाई, दांडी सोडा. श्वास धरा. डोकं आत घाला.” मी तीनदा श्वास धरला आणि तीनदा सोडला. चौथ्यांदा दांडीही सुटली.

पाण्याखाली आवाज नसतो, असं मला वाटायचं. असतो. दोन पंपांची घरघर कुठूनतरी लांबून येत होती आणि माझं सगळं वजन कोणीतरी काढून घेतलं होतं. गुडघ्यांचंसुद्धा. मला वर यायचं नव्हतं. रडू आलं, पण पाण्याखाली त्याचं काही कळत नाही.

पुढचं मला नंतर सांगितलं गेलं. तीन वाजून गेले होते. भिंतीपलीकडून शेटजींनी हाक मारली, “बाई, टाइम झाला.” पीटीच्या बाईंनी उत्तर दिलं नाही. शेटजींनी दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा पीटीच्या बाईंना बोलावंच लागलं. त्या म्हणाल्या, “बाई पाण्याखाली आहेत.”

पलीकडे फावडी थांबली. मग शेटजी म्हणाले, “मंग त्यायला सावकाश निघू द्या.”